तिकिटाबाहेरचा हिशेब

एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: बस आणि मेट्रो हा कायमच्या तोट्याचा धंदा आहे, जे त्यात कधी बसत नाहीत त्यांच्या करातून हा तोटा भरला जातो, दिवसभर गाड्या रिकाम्या धावतात, मेट्रो आली तरी कोंडी जात नाही, त्यापेक्षा रस्ते रुंद करा, विजेच्या गाड्या आणि ॲपवरच्या टॅक्स्या आल्यावर याची गरजच उरत नाही, आणि हे प्रकल्प कधीच ठरलेल्या खर्चात होत नाहीत.

लिहिणारा मूर्ख नाही. यातल्या दोन मुद्द्यांत तथ्य आहे, ते पुढे मान्यच करतो. पण तिकिटातून जेवढे पैसे जमले तेवढाच फायदा झाला, हे जे गृहीत धरलंय ते टिकत नाही.

‘तोट्याचा धंदा’

स्टेशन आलं की आसपासच्या जमिनीचे भाव चढतात, दुकानांना गिऱ्हाईक मिळतं, कंपन्यांना लांबून माणसं मिळतात. ही कमाई खरीच असते, फक्त ती तिकीट खिडकीवर जमा होत नाही. जपानच्या इचिझो कोबायाशी यांनी हे शंभर वर्षांपूर्वी ओळखलं. १९१० मध्ये ओसाकाहून निघणारी त्यांची रेल्वे सुरू झाली तेव्हा त्या मार्गावर वस्ती विरळ होती. त्यांनी रुळांलगतच्या जमिनी घेतल्या, तिथे घरं बांधून हप्त्यांवर विकली आणि १९२९ मध्ये शहरातल्या उमेदा स्थानकावर डिपार्टमेंट स्टोअर उघडलं. रेल्वेने गिऱ्हाईक आणायचं आणि घरं-दुकानांनी रेल्वेला प्रवासी द्यायचे, असा तो व्यवहार होता. हाँगकाँगची मेट्रो चालवणारी कंपनी एमटीआर आजही स्थानकांवरच्या आणि आसपासच्या जागा विकसित करून कमावते. लंडनने एप्रिल २०१० पासून मोठ्या व्यावसायिक मालमत्तांवर जादा कर बसवला आणि शहराखालून जाणाऱ्या क्रॉसरेल या नव्या रेल्वेच्या खर्चाचा एक हिस्सा त्यातून उभा केला.

उंच इमारतीतली लिफ्ट नफ्यात आहे का, असं कुणी विचारत नाही. तिचे पैसे वरच्या मजल्यांच्या भाड्यात आलेले असतात. तोटा सरकारच्या नावावर आणि भाववाढ जमीनमालकाच्या खिशात, अशी वाटणी असेल तर ती वाटणी बदलायला हवी. त्यासाठी रेल्वेच मोडीत काढायचं कारण नाही.

(दुसऱ्या बाजूनेही सावध राहावं. ‘एक डॉलर गुंतवा, पाच डॉलर परत मिळतील’ असा आकडा अमेरिकेतली वाहतूक संस्थांची संघटना देत असते. प्रत्येक मार्गाला, प्रत्येक शहराला एकच पट लागू होईल यावर माझा विश्वास नाही.)

‘आम्ही बसत नाही, मग आम्ही का भरायचं?’

ऑक्टोबर २००३ मध्ये लॉस एंजलिसमध्ये वाहतूक सेवेचे मेकॅनिक संपावर गेले आणि तिथल्या बस-रेल्वे सेवेचा मोठा भाग ३५ दिवस बंद राहिला. हे मोटारींचं शहर. बस-रेल्वेने जाणारे तिथे फार थोडे, त्यामुळे फरक पडू नये. अर्थतज्ज्ञ मायकेल अँडरसन यांनी महामार्गांवरच्या वेगाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा गर्दीच्या वेळचा सरासरी विलंब ४७ टक्क्यांनी वाढलेला दिसला. याचं कारण साधं आहे. बसने जाणारी माणसं बहुतेक अशाच रस्त्यांवर असतात जे आधीच काठोकाठ भरलेले आहेत, आणि काठोकाठ भरलेल्या रस्त्यावर थोड्याच जादा गाड्या सगळा वेग खाऊन टाकतात. म्हणजे त्या शहरातला मोटारचालक रोज बसचा फायदा घेत होता, बसमध्ये पाय न ठेवता.

आणि रस्ता तरी वापरणाऱ्यांच्याच पैशांतून चालतो का? अमेरिकेत पेट्रोलवरचा केंद्रीय कर १९९३ पासून गॅलनला १८.४ सेंटवर थांबलेला आहे. तो पुरत नाही म्हणून महामार्ग निधीत २००८ पासून सर्वसाधारण तिजोरीतले पैसे वारंवार ओतावे लागले. या तुटीला मात्र कुणी ‘तोट्याचा धंदा’ म्हणत नाही.

‘बस रिकाम्या धावतात’

काही धावतात. सकाळी शहराकडे खच्चून भरून आलेली बस परत जाताना रिकामीच जाणार, कारण गर्दी एकाच दिशेची असते. दुपारची बसही अर्धी रिकामी असते. पण खासगी मोटार दिवसाचा ९५ टक्के वेळ नुसती उभी असते, तेही बहुधा रस्त्याच्या किंवा इमारतीच्या महागड्या जागेत. तिच्या रिकामेपणाचा फोटो कुणी फिरवत नाही.

खरी गोम फेऱ्यांत आहे. हर्बर्ट मोहरिंग या अर्थतज्ज्ञाने १९७२ मध्ये ती मांडली: प्रवासी वाढले की फेऱ्या वाढवता येतात, फेऱ्या वाढल्या की प्रत्येकाचं थांब्यावरचं थांबणं कमी होतं, म्हणून आणखी प्रवासी येतात. अनुदानाच्या बाजूचा हा सगळ्यात भक्कम युक्तिवाद आहे, कारण इथे नवा प्रवासी जुन्याची सोय वाढवतो, तर रस्त्यावर नवी मोटार जुन्याची गैरसोय. चक्र उलटंही फिरतं. ‘रिकामी जाते’ म्हणून दुपारची फेरी काढली की सकाळी जाऊन दुपारी परतणारी बाई सकाळची फेरीही सोडते, कारण परतीची खात्री नसेल तर जायचं कसं? मग सकाळची बसही रिकामी दिसू लागते.

भाडं काढून टाकण्यापेक्षा फेऱ्या वाढवणं महत्त्वाचं आहे. एस्टोनियातल्या टॅलिन शहराने २०१३ मध्ये रहिवाशांना प्रवास फुकट केला. त्यामुळे वाढलेले प्रवासी सुरुवातीला अपेक्षेपेक्षा फारच थोडे निघाले.

‘ही तर गरिबांसाठीची खैरात’

मूळ मेसेजमध्ये हे नाही, पण तो पुढे पाठवणारे हटकून जोडतात. अर्थतज्ज्ञ जॉन केन यांनी १९६८ मध्ये अमेरिकी शहरांबद्दल दाखवलं होतं की कारखाने आणि नोकऱ्या उपनगरांकडे सरकत होत्या आणि कृष्णवर्णीय कामगार घरांतल्या भेदभावामुळे शहराच्या मध्यात अडकून पडले होते. काम करायची तयारी असलेला माणूस आणि माणूस शोधणारा मालक एकमेकांपर्यंत पोचत नसतील तर नुकसान दोघांचंही आहे. तीच गोष्ट मोटार चालवू न शकणाऱ्या सगळ्यांची: मुलं, म्हातारी माणसं, नजर अधू असलेली माणसं. त्यांना नेण्याआणण्यात घरातल्या कुणाचा तरी, बहुतेकदा बाईचा, दिवस जातो; तो कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

कोलंबियातल्या मेडेयीन शहराने २००४ मध्ये डोंगरउतारावरच्या गरीब वस्त्यांना मेट्रोशी जोडणारी केबल कार सुरू केली. पुढे झालेल्या अभ्यासात या वस्त्यांतल्या खुनांचं प्रमाण तशाच इतर वस्त्यांपेक्षा ६६ टक्के जास्त घटलेलं आढळलं. केबल कारबरोबर तिथे ग्रंथालयं, शाळा, उद्यानं यांवरही खर्च झाला होता, त्यामुळे सगळं श्रेय दोरखंडाला देता येणार नाही. पण शहराचा खर्च त्या चढावर पोचला तो केबल कारच्या जोडीनेच.

‘कोंडी जात नाही, रस्ते रुंद करा’

पहिला भाग बराचसा खरा आहे. ड्युरँटन आणि टर्नर या अर्थतज्ज्ञांच्या अमेरिकी शहरांवरच्या २०११ च्या अभ्यासात सार्वजनिक वाहतूक वाढवल्याने एकूण मोटार-प्रवास कमी झालेला दिसला नाही. रिकामी झालेली जागा दुसऱ्या मोटारी भरून काढतात. मेट्रोचे समर्थक हे सांगायचं टाळतात. पण त्याच अभ्यासाने रस्त्यांबद्दलही निकाल दिला: महामार्गांच्या मार्गिका जेवढ्या वाढल्या, जवळपास तेवढ्याच प्रमाणात मोटार-प्रवास वाढला. अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा केटी फ्रीवे हा महामार्ग सुमारे २.८ अब्ज डॉलर खर्चून २००८ मध्ये रुंद झाला, काही ठिकाणी सेवारस्ते धरून २६ मार्गिकांपर्यंत. २०११ ते २०१४ दरम्यान तिथला संध्याकाळच्या गर्दीतला प्रवासवेळ निम्म्याहून जास्त वाढला.

म्हणून कोंडी कमी करायची असेल तर रस्त्याच्या वापरावर शुल्क लावावं लागतं. स्टॉकहोमने २००६ मध्ये सात महिने तसा प्रयोग केला, आधी बस वाढवून. शुल्काच्या हद्दीवरची वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी घटली. प्रयोग थांबताच बहुतेक मोटारी परत आल्या. बस मात्र तेव्हाही जादाच होत्या. दुसरा पर्याय नसताना शुल्क लावणं म्हणजे लोकांची नुसती लूट, हेही तितकंच खरं.

‘विजेच्या गाड्या, ॲपच्या टॅक्स्या’

विजेची मोटार धूर काढत नाही, पण जागा तेवढीच खाते. सॅन फ्रान्सिस्कोत २०१० ते २०१६ दरम्यान वाढलेल्या कोंडीपैकी सुमारे निम्मी ॲप-टॅक्स्यांमुळे होती, असं तिथल्या वाहतूक प्राधिकरणाला आढळलं. एवढं पुरे.

‘खर्च फुगतो’

फुगतो. मोठ्या प्रकल्पांचे अभ्यासक बेन्ट फ्लिव्हब्यॉर्ग यांच्या २००२ च्या पाहणीत रेल्वे प्रकल्पांचा खर्च अंदाजापेक्षा सरासरी ४५ टक्के जास्त निघाला; रस्त्यांचाही २० टक्के. क्रॉसरेल साडेतीन वर्षं उशिरा, मे २०२२ मध्ये सुरू झाली. यावरून प्रत्येक बोगद्याच्या अंदाजाकडे संशयाने पाहावं हे सिद्ध होतं, गुंतवणूकच नको हे नाही. ब्राझीलच्या कुरितिबाने १९७४ मध्ये रस्त्याच्या मधोमध बससाठी मार्गिका राखून ठेवल्या आणि उंच इमारतींना मुख्यतः त्याच मार्गांलगत परवानगी दिली. कोलंबियाची राजधानी बोगोटाने २००० साली त्याच धर्तीवर ट्रान्समिलेनिओ ही बससेवा सुरू केली. तिच्या गजबजलेल्या मार्गावर एका दिशेने तासाला ४० हजारांहून जास्त माणसं जातात. गाड्यांत फार चेंगराचेंगरी होते ही तिथली तक्रार आहे, आणि ती रास्त आहे.