पान २१२

कादंबरी चाकाखाली गेली तेव्हा मी पान २१२ वर होतो.

सकाळचे साडेआठ, गोव्यातली चोडणहून रायबंदरला जाणारी फेरीबोट, ऑफिसची गर्दी. शेजारी एक स्कूटर, तिच्यावर नारळांची दोन पोती. स्टँडचा एक पाय गायब. बोटीने धक्का सोडला, हिसका बसला आणि स्कूटर मागे सरकायला लागली. मालकाने टेकू द्यायला दगड शोधला. बोटीत दगड कुठला? त्याची नजर माझ्या हातांवर आली.

"मास्तर, मात्शें दिया हें," असं म्हणेपर्यंत पुस्तक चाकाखाली सारलंही होतं. वर चपलेने दोनदा ठोकून घट्ट केलं. "पळयलें? आता हालचें ना."

मी मास्तर नाही, कारकून आहे. पण आमच्याकडे हातात पुस्तक दिसलं की माणूस मास्तर होतो. खरं तर मी ओरडायला हवं होतं. ग्रंथालयाचं पुस्तक होतं ते. ओरडलो नाही, कारण ६१२ पानांच्या त्या ग्रंथाने पहिल्यांदाच काहीतरी धरून ठेवलं होतं. तीन आठवडे झाले, मला काही त्याने धरलं नव्हतं.

स्कूटर थांबल्यावर गृहस्थ निवांत झाले. "कितें आसा तातूंत?"

तीस वर्षं कादंबऱ्या वाचतोय, इतक्या सरळ कोणी विचारलं नव्हतं. मी खुलून म्हणालो, "एक मुलगा आहे. गावाकडचा. पुण्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षा देतो."

"पास जालो?"

"तो मुद्दा नाही. गावाहून निरोप येतो, आई आजारी आहे."

"आरे देवा! मागीर?"

"मग तो खोलीत बसून विचार करतो."

"कसलो?"

"घराचा, व्यवस्थेचा, भाषेचा. साधारण दीडशे पानं."

"आनी आवय?"

"आई तिकडेच आहे."

"फोन केलो?"

मी आठवून पाहिलं. पोराकडे मोबाइल होता, रिचार्ज संपण्यावर चार पानांचं चिंतनही होतं. पण फोन केल्याचं काही आठवेना. एव्हाना मासळीची पाटी घेऊन बसलेली एक बाई आणि दोन कॉलेजची पोरंही कान देऊन ऐकत होती.

"आता खंय पावला तो?"

"बसस्टँडवर."

"बस चुकली?"

"नाही, बस उभी आहे. तो चढत नाही. त्याला अस्तित्वाचा प्रश्न पडलाय."

गृहस्थ बराच वेळ मांडवीकडे बघत राहिले. मग माझ्या कानाशी येऊन, पोराची अब्रू जाऊ नये इतक्या हळू आवाजात म्हणाले, "म्हणल्यार... तिकेटीक पयशे नात?"

यावर काय बोलणार? मलपृष्ठावर तिघांनी 'समकालाचा भेदक वेध' वगैरे लिहिलंय. तिघांपैकी एकही त्या बसस्टँडच्या पुढे गेला असेल असं मला वाटत नाही. मी तरी कुठला सज्जन? पान ४० वर असतानाच मित्राला सांगून बसलो होतो, "आवाका मोठा आहे हां!" जाडी म्हणायचं होतं, आवाका म्हणालो.

मराठीतली पहिली कादंबरी १८५७ ची, 'यमुनापर्यटन'. तिची नायिका निदान फिरते तरी. मग १९६३ साली नेमाड्यांची 'कोसला' आली. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला गेला आणि काही न मिळवता गावी परतला. तो परतला, हे लक्षात घ्या! त्याच्यामागून साठ वर्षं जी पोरं निघाली आहेत, ती अजून त्याचंच 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' घेऊन खोलीत पडून आहेत. भाडं कोण भरतं, हेही लेखक सांगत नाही. माजोर्ड्याचे दामोदर मावजो दुकान चालवता चालवता कोकणीत लिहीत राहिले आणि ज्ञानपीठापर्यंत पोचले. माझं तर मत आहे, प्रत्येक कादंबरीकाराला सहा महिने गल्ल्यावर बसवावं. गिऱ्हाइकाला दीडशे पानं तिष्ठत ठेवून बघ म्हणावं.

खोलीत पडून कंटाळलेला नायक मग गोव्यात येतो, तो आणखी वेगळा वैताग. येतो, समुद्राकडे बघतो, फेणी पितो, एक मारिया भेटते आणि पहाटे त्याला आयुष्याचा अर्थ कळतो. मी जन्मापासून इथे आहे. पहाटे मला फक्त नळाला पाणी आलंय का ते कळतं. ह्या कादंबऱ्यांतल्या गोव्यात डिचोली नाही, फोंडा नाही, चवथीला गणपतीवर बांधायची फळांची माटोळी नाही, रात्री देवळाच्या मंडपात नाटकाच्या तालमी नाहीत. मराठी वाचणारा गोंयकार तर औषधालाही नाही. त्याने फक्त साडेसहाशे रुपयांचं पुस्तक घ्यायचं आणि त्यात स्वतःला वेटर म्हणून शोधायचं. चार दिवसांच्या सहलीत लिहिलेला गोवा आम्ही किती वर्षं वाचायचा?

असो. रायबंदर आलं. गृहस्थांनी पुस्तक ओढून काढलं, शर्टाला पुसलं आणि दोन्ही हातांनी परत दिलं. मुखपृष्ठावरच्या नायकाच्या तोंडावरून टायरची नक्षी उमटली होती.

ग्रंथालयातल्या बाईंनी ती नक्षी पाहिली. "किंमत भरावी लागेल. साडेसहाशे."

"अहो बाई, ही नेतं तरी कोण?"

त्यांनी शेवटचं पान उघडलं. दोनच शिक्के. एक माझा.

"दुसरा माझा," बाई म्हणाल्या. "मीसुद्धा बसस्टँडवरच सोडली." पावती मात्र पूर्ण रकमेची फाडली.

म्हणजे आता ती माझी झाली. घरी बायको एवढंच म्हणाली, "साडेसहाशेची विसवण मासळी आणली असतीत तर?" मी उत्तर न देता दिवा लावून वाचत बसलो. रागाने वाचलं की पानं भरभर जातात, रात्रीत २४० पर्यंत आलो.

दुसऱ्या दिवशी फेरीबोटीत पाय ठेवतो तोच पोत्यांमागून हाक आली, "मास्तर! चडलो?"

"अजून नाही."

"चडूंक ना?" मासळीवाल्या बाईने कपाळाला हात लावला.

गृहस्थांनी निराशेने मान हलवली आणि हात पुढे केला. "मागीर हांगा दिया."

स्टँड अजून दुरुस्त केला नव्हता.