'ओटेसानेक' राहिला की हो!
परीकथांवरच्या भयपटांचा लेख मस्त, पण यादीत चेक दिग्दर्शक यान श्वांकमायरचा 2000 सालचा 'ओटेसानेक' हवाच होता. बेळगावात असला सिनेमा थिएटरला कुठला लागायला! मित्रानं पेन ड्राइव्हवर दिला. मूळ चेक लोककथा. मूल नसलेलं जोडपं, नवरा झाडाचा बुंधा तासून बाळ करतो. बायको त्याला खरंच न्हाऊ-माखू घालते, शेजाऱ्यांना दाखवायला पोटावर बांधायच्या उशासुद्धा महिन्यागणिक मोठ्या शिवते! तिथं हसून मुरकुंडी वळली. मग बाळाला भूक लागते. आधी मांजर, मग पोस्टमन... 'गोड बातमी कधी?' म्हणून पिच्छा पुरवणारे आमच्या खानापूर भागातही आहेत, त्यामुळं त्या बाईचं वेड जास्तच आत लागलं. शेजारची चिमुरडी तर अफलातून! नक्की बघा, फक्त जेवताना नको.