श्रद्धा माणसाचं काय करते, हे विचारा

दरवर्षी २० ऑगस्टला पुण्यात महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांना अभिवादन केलं जातं आणि पुढचे काही दिवस श्रद्धा-अंधश्रद्धेतली रेघ कुठं ओढायची यावर वाद रंगतो. इंग्लंडमधून हा वाद वाचताना एक उणीव फार जाणवते. माणूस कशावर विश्वास ठेवतो यावरच दोन्ही बाजू भांडतात. तो विश्वास त्या माणसाचं काय करतो, हे कुणी विचारत नाही.

केनेथ पार्गामेंट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी २००१ साली आजारी असलेल्या, पंचावन्नच्या पुढच्या ५९६ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. 'देवानं मला टाकलं का' या विचारानं ग्रासलेल्यांचा पुढच्या दोन वर्षांतला मृत्यूचा धोका २८ टक्क्यांनी जास्त निघाला. आजार सैतानानं आणला असं मानणाऱ्यांचा १९ टक्क्यांनी. मूळ आजार किती गंभीर आहे हे हिशेबात धरूनही हा फरक उरला. आपल्याकडे हीच वाक्यं वेगळ्या रूपात ऐकू येतात: कुलाचार राहिला म्हणून हे भोगतोय, पितृदोष आहे, भावकीतल्या कुणीतरी करणी केली. 'विठ्ठल पाठीशी आहे' म्हणणारा आणि 'विठ्ठलानं पाठ फिरवली' म्हणणारा, दोघंही श्रद्धाळूच. यातल्या दुसऱ्या माणसाची काळजी वाटायला हवी.

२०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा मला मोलाचा वाटतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीनं बांधणं, मारहाण, मिरचीची धुरी, साप किंवा कुत्रा चावल्यावर उपचार अडवून मंत्र घालणं, या सगळ्याला सहा महिने ते सात वर्षांची शिक्षा आहे. वारी, कीर्तन, भजन, प्रदक्षिणा त्याच्या बाहेर आहेत. पण जी बाई कुणा देवऋषीकडे गेलीच नाही आणि घरात बसून स्वतःचा आजार शिक्षा म्हणून सोसते आहे, तिच्यापर्यंत कायदा पोचत नाही. तिथं डॉक्टरच पोचू शकतो.

इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांत रुग्णाशी त्याच्या श्रद्धेबद्दल बोलायला पगारी माणसं असतात: पाद्री, इमाम, हिंदू, आणि कुठलाच धर्म न मानणाऱ्यांसाठी मानवतावादीसुद्धा. डॉक्टरनं विचारायचे प्रश्न चारच. आधार कशाचा वाटतो? आयुष्यात त्याचं वजन किती? बरोबरीची माणसं कोण? उपचार करताना आम्ही काय लक्षात ठेवू? पुण्यातल्या ओपीडीत याला आणखी एक प्रश्न जोडायला हवा, आणि तो आरोपीला विचारतात तसा नको. 'भगताकडे गेला होतात का?' म्हटलं की उत्तर 'नाही' येतं. 'इथं येण्याआधी कुठं कुठं दाखवलं? काय सांगितलं? काही खायला-प्यायला दिलं का? गोळ्या थांबवायला सांगितलं का?' असं विचारलं की माणसं बोलतात.

न विचारल्यानं काय होतं, याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण म्हणजे लिथियम. द्विध्रुवी (बायपोलर) आजारावरचं, म्हणजे कधी उन्माद तर कधी खोल नैराश्य येणाऱ्या मनाच्या आजारावरचं, हे जुनं, उत्तम औषध. पण उपयुक्त मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडं. रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रतिलिटर ठेवतात आणि गोळीनंतर बारा तासांनी तपासतात. हरतालिकेला किंवा निर्जला एकादशीला पाणीच घेतलं नाही, की शरीरातलं पाणी आणि मीठ घटतं. मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं आणि त्याबरोबर लिथियमही. हात जोरात थरथरतात, उलट्या-जुलाब होतात, तोल जातो, बोलणं जड होतं. घरचे म्हणतात उपास बाधला. त्यात डोकेदुखीसाठी आयबुप्रोफेन घेतलं तर पातळी आणखी चढते. जागरणाचंही तसंच. या आजारात रात्रभराची झोप बुडणं उन्मादाची सुरुवात ठरू शकते. इंग्लंडमध्ये रमजानच्या आधी औषधांच्या वेळांबद्दल बोलून घेण्याचा सल्ला दिला जातो. श्रावणाच्या आधी आपल्याकडे असं बोलणं का होऊ नये? 'उपास करू नका' एवढं सांगून भागत नाही, कारण बाई उपास करतेच आणि सांगत नाही. पाणी आणि नेहमीचं मीठ चालू ठेवून करायचा उपास तिला सुचवता येतो.

इंग्लंडचं सगळंच घ्यावं असं मात्र नाही. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समधल्या ३७.२ टक्के लोकांनी धर्म नाही असं नोंदवलं. त्यात मला काही गैर वाटत नाही. पण चर्चबरोबर आठवड्यातून एकदा भेटणारी माणसंही गेली. असं एकत्र जमण्यानं काय मिळतं, हे पाहण्यासाठी प्रयागच्या माघ मेळ्यातल्या ४१६ कल्पवासींची (महिनाभर नदीकाठी राहून व्रत करणाऱ्यांची) न गेलेल्या १२७ जणांशी तुलना करणारा २०१२ चा अभ्यास भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांनी मिळून केला. थंडी, गोंगाट, गर्दी सोसून परतलेल्यांना महिन्याभरानंतरही अधिक बरं वाटत होतं. दिंडीत चाललेल्या कुणालाही याचं नवल वाटणार नाही.

म्हणूनच हे काम पुण्यात नव्या पगारी पदापासून सुरू करायची गरज नाही. दिंडीचा विणेकरी, कीर्तनकार, दर्ग्याचा मुजावर, चर्चचे फादर, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा कार्यकर्ता, यांच्याकडे माणसं आधीच मन मोकळं करतात. त्यांना एवढं शिकवावं: सलग काही रात्री झोप नाही, अन्नपाणी सोडलंय, इजा करायला सांगणारे आवाज येतात, मरणाची भाषा आहे, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना, आणि वाट सुचली नाही तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर. २००१ साली तमिळनाडूतल्या एरवाडीत दर्ग्याच्या आसऱ्यानं चालणाऱ्या आश्रमात आग लागली, तेव्हा साखळीनं बांधलेल्यांना पळता आलं नाही आणि २८ जण गेले. त्यांना तिथं आणणाऱ्या घरच्यांना दवाखान्याची वाट दाखवणारं कुणीतरी तिथंच भेटायला हवं होतं.