नॉब, काच आणि ताम्हिणी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. नाव लिहिलं नाहीत, त्यामुळे नुसताच नमस्कार.

नव्या गाड्यांच्या डॅशबोर्डवरून बटणं गायब होताहेत, अशी कुरकुर मी गेल्या आठवड्यात केली होती. त्यावर तुमची घसघशीत प्रतिक्रिया आली. बाकीच्यांनी ती वाचली नसेल तर थोडक्यात अशी: मी जुनाट माणूस आहे, दारात बारा वर्षांची गाडी उभी असल्यामुळे मला नवी द्राक्षं आंबट लागतात, स्क्रीनची सवय आठ दिवसांत होते, लढाऊ जहाजं आणि विमानं टचस्क्रीनच्या काचेवर चालतात आणि मी एसीचा गोल नॉब धरून बसलोय, स्क्रीन नॉबपेक्षा महाग असताना कंपनी त्यात पैसे वाचवते हे माझं म्हणणं हास्यास्पद आहे, आणि लोक शोरूममध्ये स्क्रीन बघूनच गाडी पसंत करतात, तेव्हा शहाणपण शिकवणारा मी कोण?

गाडी बारा वर्षांचीच आहे. द्राक्षांचं सोडून देतो.

आधी जे पटलं ते. "सगळ्या स्क्रीन उपटून टाका" असं मी लिहिलं होतं, ते रागाच्या भरात गेलं. गाडीच्या मागे उभं असलेलं तीन वर्षांचं पोर कुठल्याच आरशात दिसत नाही. अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा झाला, तो याचसाठी. नकाशाही मांडीवरच्या फोनपेक्षा समोरच्या मोठ्या पडद्यावर केव्हाही बरा. तेव्हा ते वाक्य मागे घेतो. माझं भांडण स्क्रीनशी नाही. एसी, काचेवरची वाफ, वायपर, आवाज कमी-जास्त करणं, ही चालत्या गाडीत करायची कामं त्या स्क्रीनच्या पोटात ढकलली जाताहेत, त्याच्याशी आहे.

आता "सवय होते". स्वीडनमधल्या 'वी बीलेगारे' या मोटार मासिकाने २०२२ मध्ये बारा गाड्या धावपट्टीवर ताशी ११० किलोमीटरने पळवल्या आणि चालकांना चार साधी कामं सांगितली. तापमान वाढवून काचेवरची वाफ घालवा, रेडिओवर अमुक स्टेशन लावा, ट्रिपमीटर शून्यावर आणा, डॅशबोर्डचे दिवे मंद करा, अशा थाटाची. चालकांना आधी गाडीशी ओळख करून घ्यायला वेळ दिला होता, हे मुद्दाम सांगतो. २००५ च्या व्हॉल्व्हो व्ही७० मध्ये, जिच्यात टचस्क्रीन नावालाही नाही, सगळी कामं १० सेकंदांत उरकली. तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. एमजीच्या मार्व्हल आर या इलेक्ट्रिक गाडीत त्याच कामांना ४४.९ सेकंद लागले, म्हणजे १,३७२ मीटर. आणि तुमच्या बाजूचा आकडाही देतो, नाहीतर पुढच्या प्रतिक्रियेत तुम्ही द्याल: त्याच चाचणीत व्हॉल्व्होच्याच सी४० ने, स्क्रीन असूनही, चौदा सेकंदांच्या आत काम उरकलं. म्हणजे डोकं लावून केली तर स्क्रीनही बरी होते. पण जुन्या बटणांच्या गाडीला तीही गाठू शकली नाही.

कारण साधं आहे. बटणाला कड असते. बोट आधी त्या कडेवर टेकतं, खात्री करून घेतं, मग दाबतं. नजर रस्त्यावरच राहते. काचेला कड नाही, तिथे बोट कुठे पडलंय ते डोळ्यांनीच बघावं लागतं. त्यात आपल्याकडे न रंगवलेला स्पीडब्रेकर येतो, बोट एक इंच खाली घसरतं आणि पंखा वाढवायचा तर गाणं बदलतं. याची सवय काय करणार?

गेल्या जुलैतलं सांगतो. मेव्हण्याची नवी गाडी घेऊन आम्ही ताम्हिणीतून माणगावकडे उतरत होतो. धबधब्याखाली यथेच्छ भिजून चारही जण ओल्या कपड्यांनिशी आत बसलेलो. अशा वेळी काचेला आतून वाफ धरते. ती घालवायची तर एसी चालू, बाहेरची हवा आत, आणि झोत समोरच्या काचेवर, अशी तीन कामं करावी लागतात. माझ्या गाडीत त्यासाठी एक गोल नॉब शेवटपर्यंत फिरवायचा, तो 'टक' करून थांबतो, की झालं. एक नॉब, एक खटका, बस्स. मेव्हण्याच्या गाडीत त्यासाठी आधी स्क्रीनवर पंख्याचं चित्र, मग दुसरं पान, मग काचेचं चित्र. माझं बोट ओलं. ओल्या बोटाला ती काच दाद देईना. एका वळणावर समोरून एसटी आली, तिचे दिवे मला दोन पिवळ्या धब्ब्यांसारखे दिसले. बायकोने ओढणीने माझ्यापुढची काच पुसली आणि मी खिडकी खाली करून, पाऊस अंगावर घेत, पुढचे दोन किलोमीटर डोकं अर्धं बाहेर काढून गाडी चालवली. मेव्हणा मागून सांगत होता, "भाऊजी, गाडीला बोलून सांगा ना, ती ऐकते." त्या पावसाच्या माऱ्यात मला मेव्हणा ऐकू येत नव्हता, ती काय ऐकणार?

आता तुमची लढाऊ जहाजं. हा मुद्दा तुम्ही काढलात म्हणून खरं तर मला आनंदच झाला. अमेरिकी नौदलाची 'यूएसएस जॉन एस. मॅकेन' ही विनाशिका २१ ऑगस्ट २०१७ च्या पहाटे सिंगापूरजवळ 'अल्निक एमसी' या तेलवाहू जहाजावर आदळली. दहा खलाशी मेले. जहाजाचं सुकाणू आणि वेग टचस्क्रीनवरून चालत होता. एका जागेवरचं नियंत्रण दुसऱ्या जागेकडे देताना गोंधळ उडाला, सुकाणूवरच्या खलाशाला वाटलं की जहाज आपल्या ताब्यातच राहिलं नाही. वेग कमी करायला गेले, तर दोन्ही बाजूंच्या पंख्यांऐवजी एकाच बाजूच्या पंख्याचा कमी झाला आणि जहाज डावीकडे ओढलं गेलं. खलाशी थकलेले होते, शिक्षण अपुरं होतं, हेही चौकशीत आलं. सगळं खापर काचेवर फोडत नाही. पण २०१९ मध्ये नौदलाने ठरवलं ते काय? या वर्गाच्या विनाशिकांवर हाताने ढकलायचे दांडे परत बसवायचे.

विमानाचंही तसंच. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ बॉम्बर उतरवल्यावर वैमानिक फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) मिटवायला जात आणि चुकून चाकं मिटवून बसत. दोन्ही खटके सारखेच, शेजारी शेजारी. अल्फोन्स चापानिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने चाकांच्या खटक्याला छोटंसं चाक लावलं आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीसारखा तुकडा. हाताला न बघता कळलं पाहिजे, एवढंच. आजच्या प्रवासी विमानांत पडद्यांची रांग असते, तरी चाकांचा दांडा अजून चाकाच्याच आकाराचा असतो.

पैशांचं. एक स्क्रीन एका नॉबपेक्षा महागच, वाद नाही. पण हिशोब असा नसतो. प्रत्येक बटणाला वेगळा साचा, वेगळी वायर, वेगळी चाचणी, आणि ते प्रत्येक मॉडेलगणिक. बेस मॉडेलमधली ती मुकी बटणं आठवतात का? जिथे वरच्या मॉडेलमध्ये काहीतरी असतं आणि आपल्याला नुसतं प्लास्टिकचं झाकण मिळतं? (त्या झाकणांकडे बघून मी अख्खं एक कर्ज फेडलंय.) नकाशा आणि गाण्यांसाठी स्क्रीन बसवायचीच, तर मग बाकी सगळं तिच्यातच कोंबलं की साचे वाचतात, आणि कोणाला काय द्यायचं ते सॉफ्टवेअरमध्ये ठरतं. फोक्सवॅगनने बटणं काढली, लोकांच्या शिव्या खाल्ल्या आणि आता आवाज, तापमान, पंखा यांची बटणं परत आणतो असं जाहीर केलं. गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅपच्या २०२६ पासूनच्या नियमांत इंडिकेटर, हॉर्न, वायपर, धोक्याचे दिवे आणि एसओएस (संकटात मदत बोलावणं) यांना स्वतंत्र बटणं नसतील तर गुण कापले जातात. आपल्या भारत एनकॅपमध्येही हा मुद्दा यायला हवा. उलट दिशेचं उदाहरण माझदाचं: बटणांची बाजू इतकी वर्षं लावून धरली, आणि २०२५ मध्ये दाखवलेल्या नव्या सीएक्स-५ मध्ये मोठी स्क्रीन आणून बटणं छाटली. हे तुम्हाला फुकट दिलं.

राहिलं शोरूम. लोक स्क्रीन बघून गाडी घेतात हे खरंच आहे. आपल्या चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या एक्सईव्ही ९ई मध्ये १२.३ इंची तीन पडदे ओळीने लावलेत, दार उघडलं की कोणीही "वा!" म्हणेल, मीही म्हटलं. पण शोरूममध्ये गाडी उभी असते, एसी आधीच लावलेला असतो, फरशी कोरडी असते आणि हात पुसलेले असतात. तिथे काच चांगली वाटणारच.

आणि "तुम्ही स्वतः काय घेणार ते तरी सांगा" असं शेवटी विचारलंत, त्याचं उत्तर: शोधतोय. गेल्या दोन रविवारी तीन शोरूम पालथी घातली. सीटवर बसायचं, सीट नीट करायची, डॅशबोर्ड एकदा डोळे भरून बघून घ्यायचा, मग डोळे मिटायचे आणि समोरच्या काचेवर झोत सोडून दाखवायचा, अशी माझी परीक्षा आहे. दुसऱ्या शोरूममध्ये मी डोळे मिटून हात चाचपडत बसलेलो असताना सेल्सचा पोरगा दार उघडून वाकला आणि हळूच म्हणाला, "काका, पाणी आणू का?"