जरा मोठं कर

परवा माझं पहिलं व्यावसायिक काम छापून टांगलं गेलं. 8 बाय 3 फुटांचा फ्लेक्स. त्यात माझं म्हणावं असं एकच उरलंय, तळाशी उजवीकडचा स्वल्पविराम. तोही काकांच्या नजरेतून सुटला म्हणून.

बीएफए, अप्लाइड आर्ट, फर्स्ट क्लास. मावशीच्या सोसायटीतल्या दादांनी पोळी-भाजी केंद्र काढलं आणि मावशीने परस्पर सांगून टाकलं, "आमची करेल की बोर्ड!" चार रात्री जागून मी तो केला. हळदीचा पिवळा रंग, त्यावर ‘मुक्ता’ फॉन्टमध्ये नाव, तळाशी ‘मिळेल’ची एक बारीक ओळ, आणि भोवती भरपूर मोकळी जागा.

फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं कुठलं तरी पुराणकालीन व्हर्जन होतं. फाइल उघडली आणि ‘मिळेल’ची पहिली वेलांटी म सोडून थेट ळच्या डोक्यावर जाऊन बसली. ऑपरेटर माझ्याकडे न बघता म्हणाला, "कर्व्ह करून नाही आणलं?" म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून, की समोरच्याकडे फॉन्ट नसला तरी ती मोडत नाहीत. नव्हतं आणलं. कॉलेजात निर्णयसागरच्या खिळ्यांवर, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांवर, प्रोजेक्ट केला होता. 1869 साली जावजी दादाजींनी छापखाना काढला इथपासून सगळं तोंडपाठ. आर. के. जोशींनी विंडोजसाठी ‘मंगल’ फॉन्ट कसा घडवला तेही. पण फ्लेक्सवाल्याकडे जाताना अक्षरांचे कर्व्ह करून न्यायचे असतात हे चार वर्षांत एकाही मास्तरने सांगितलं नाही. फी मात्र दरवर्षी वेळेवर घेतली.

लॅपटॉप उघडून तिथेच कर्व्ह करत बसले, तेव्हा पाठीमागून आवाज आला.

"हे रिकामं का सोडलंय?"

मागे एक काका उभे होते. बंडी, काखेत छत्री, हातात लॅमिनेशनसाठी आणलेला ए-फोर कागद. दुकानाशी, फ्लेक्सशी किंवा माझ्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता.

मी कॉलेजातल्यासारखं उत्तर दिलं, "काका, ती मोकळी जागा आहे. नजरेला विसावा मिळतो."

"विसावा घरी घ्यायचा. फ्लेक्सचा भाव कशावर असतो?"

"स्क्वेअर फुटावर," ऑपरेटर म्हणाला. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

"मग? अर्धी जागा कोरी छापायचे पैसे कोण देणार? अहो, ह्या सदाशिव पेठेत स्क्वेअर फुटाला काय भाव चाललाय, आणि ही मुलगी बारा फूट मोकळे सोडत्येय!"

दादा, म्हणजे पैसे देणारे दादा, एकदम सावध झाले. त्यांनी काकांना स्टूल दिलं. तिथेच माझं संपलं.

"नाव जरा मोठं कर." केलं. "अजून जरा." केलं. "आता त्याला लाल कर, कडेने पांढरी बॉर्डर मार. अन्नपूर्णा कुठाय? खाण्याचं दुकान आणि अन्नपूर्णा नाही?" ऑपरेटरच्या फोल्डरमध्ये चौदा अन्नपूर्णा होत्या. शेजारी वाफाळती थाळी आली. थाळीत गुलाबजाम होता, जो दादा विकत नाहीत. मग मोबाइल नंबर, दोनदा. "एकदा लिहिला तर माणूस विसरतो." आणि सगळ्यात खाली, अजून शटरसुद्धा न उघडलेल्या दुकानासाठी, ‘आमची कोठेही शाखा नाही’.

खरं सांगू? ती ओळ वाचून मला हसू आलं, आणि स्वतःचाच राग आला.

मधेच काकांचा कागद मशीनमधून बाहेर आला. ‘येथे वाहन लावू नये. लावल्यास हवा सोडण्यात येईल. सोडलेली हवा परत मिळणार नाही.’ खाली अजून अकरा ओळी, समासाचं नाव नाही, शेवटची ओळ जागा संपल्यामुळे उभी चढवलेली. काकांनी तो माझ्यासमोर धरला. "बघ. एक इंच वाया नाही."

बघितला. चक्क शेवटपर्यंत वाचला. हेच सगळ्यात जास्त झोंबलं.

फ्लेक्सचे पैसे दादांनी तिथेच मोजून दिले. मी थांबले. ते पण थांबले. शेवटी मीच म्हटलं, "दादा, डिझाइनचं?"

"डिझाइनचं वेगळं असतं?" ते खरोखरच चकित झाले होते. ऑपरेटर म्हणाला, "आमच्याकडे फ्लेक्सबरोबर फ्रीच असतं." दादांनी स्टुलाकडे हात केला. "आणि तसं बघितलं तर डिझाइन सगळं काकांनीच केलं की."

काकांनी विनयाने मान हलवली.

लाजेकाजेस्तव दादांनी संध्याकाळी घरी दोन पार्सलं पाठवली. पोळ्या मऊ होत्या, खोटं कशाला बोलू. भाजीत मीठ जरा कमी होतं. तसा मेसेज टाकलाय दादांना, ‘मीठ जरा वाढवा, अजून जरा’. निळ्या टिक्स आल्यात. उत्तर नाही.