मुलाच्या हाती मेथीची जुडी देऊ नये

नोकरी करणाऱ्या आणि दोन मुलगे असलेल्या आईने सर्वांत आधी एक गोष्ट पाठ करून ठेवावी, ती म्हणजे आपल्याला मुलगी नाही. ही गोष्ट आपल्याला ठाऊकच आहे असा आपला समज असेल, पण तेवढ्याने भागत नाही. ती लग्नकार्यात, जिन्यात आणि भाजीच्या गाडीपाशी आपल्याला नव्याने सांगितली जाते आणि दर वेळी ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखा चेहरा करावा लागतो. "दोन्ही मुलगेच का? एक मुलगी असती म्हणजे हाताखाली आली असती हो," असे म्हणणारी बाई आपल्या भल्यासाठीच बोलत असते. या दोघांनाही प्रत्येकी दोन हात आहेत, असे तिला सांगण्याचा मोह आवरावा. हात असणे वेगळे आणि हाताखाली येणे वेगळे, आणि हा फरक बाळ जन्मल्याबरोबर डॉक्टर एका नजरेत पाहून सांगतात.

मी नाशिकला पंचवटीत राहते, अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात हिशेबाचे काम करते, माझा थोरला दुसरीत आहे आणि धाकटा साडेचार वर्षांचा. एवढ्या अधिकारावर पुढचा सल्ला देत आहे आणि तो कोणी मागितलेला नाही. मलाही आजवर जे सल्ले मिळाले, त्यांतला एकही मी मागितलेला नव्हता.

सकाळपासून सुरुवात करू. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला. मुलांची झोप पुरी व्हावी हा त्यामागचा हेतू होता आणि थोरल्याची झोप खरोखरच पुरी होते. माझ्या कामाची वेळ साडेआठची आहे. आईच्या झोपेविषयी किंवा आईच्या हजेरीविषयी त्या निर्णयात काही नाही, तेव्हा मी घर सोडल्यापासून शाळेची रिक्षा येईपर्यंत मुलगा कुठे असावा, हा प्रश्न ज्याचा त्याने, म्हणजे जिचा तिने, सोडवायचा आहे. आमच्याकडे तो समोरच्या काकूंनी सोडवला आहे. पावणेआठ वाजता थोरल्याला दप्तरासह काकूंच्या सोफ्यावर बसवायचे आणि रिक्षावाले काका आले की काकूंनी त्याला खाली न्यायचे, अशी ही व्यवस्था. मुलांचे वडील त्या वेळी घरीच असतात, त्यांचे ऑफिस दहाचे आहे. पण ते आवरत असतात. बाई आवरते तेव्हा एका हाताने पोळी उलटत असते आणि दुसऱ्या हाताने मोजा शोधत असते. पुरुष आवरतो तेव्हा मात्र तो फक्त आवरत असतो, आणि अशा वेळी त्याच्या नजरेला मूल पडू नये याची काळजी घ्यावी.

धाकट्याला ॲक्टिव्हावर पुढे उभे करावे. त्याचे पाळणाघर द्वारका चौकाजवळ आहे. मुंबई-आग्रा महामार्गाचा उड्डाणपूल द्वारकेच्या डोक्यावरून सरळ निघून जातो, पण पाळणाघर पुलाखाली असल्यामुळे पुलाचा आणि माझा संबंध सावलीपुरता. नाशिकमध्ये राहणाऱ्यांना द्वारका चौकाचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही; बाहेरच्यांनी एवढेच लक्षात घ्यावे की चार वर्षांखालील मूल दुचाकीवर असेल तर वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर जाऊ नये असा नियम आहे, आणि धाकटा तीन वर्षांचा असताना द्वारकेने तो माझ्याकडून एकदाही मोडू दिला नाही. खोळंबलेल्या त्या पंधरा मिनिटांत धाकट्याचे पाढे घ्यावेत, असा सल्ला मला माझ्या वरिष्ठांनी दिला होता. साडेचार वर्षांच्या मुलाला पाढे नसतात हे त्यांना कळण्याचे कारण नाही, कारण त्यांना तीन मुले आहेत.

इथे एखादी चौकस भगिनी विचारील की कारखान्यातच पाळणाघर का नाही. प्रसूती लाभ अधिनियम १९६१ चा होता (२०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे), त्यात २०१७ साली दुरुस्ती झाली, पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. हे कलम मी प्रिंट काढून, पिवळ्या शाईने अधोरेखित करून नेले होते. मला अत्यंत आदराने खुर्ची देण्यात आली आणि सांगण्यात आले, "मॅडम, पण लेडीज स्टाफ सहाच आहे ना आपल्याकडे." कायद्यात ५० कर्मचारी म्हटले आहे, ५० बायका म्हटलेले नाही, आणि मुले तर उरलेल्या पुरुषांनाही आहेत, हे मी म्हणाले नाही. आपणही म्हणू नये, मार्चअखेर जवळ असेल तर मुळीच म्हणू नये. त्याच कायद्याने आईला दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाऊन मूल पाहण्याची मुभा दिली. अंबड ते द्वारका मी दिवसातून चार वेळा गेले, तर मूल मला नक्की दिसेल. कारखाना मात्र पुन्हा दिसणार नाही.

आता शाळेच्या फोनविषयी. प्रवेशअर्जावर वडिलांचा क्रमांक पहिल्या रकान्यात आणि आईचा दुसऱ्या रकान्यात असतो, आणि मुलाला कणकण आली की शाळा न चुकता दुसऱ्या रकान्यापासून वाचायला लागते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचे नाव लावणे राज्यात बंधनकारक झाले आहे. आमचे दोघे त्याआधीचे असल्यामुळे त्यांच्या नावात मी कुठेच नाही, ताप आल्यावर मात्र सगळीकडे मीच. एकदा हिंमत करून मी बाईंना म्हणाले की त्यांच्या बाबांना लावून बघता का, त्यावर पलीकडून इतक्या हळुवार आवाजात "अहो, घरी सगळं ठीक आहे ना?" असे आले की मी लगेच हाफ डे टाकला.

सासूबाईंना का बोलावून घेत नाही, हाही प्रश्न येतो. त्या निफाडला असतात आणि घरची द्राक्षबाग आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, फेब्रुवारी-मार्चला काढणी, आणि या तिन्हींच्या मधला काळ फवारणीचा. बागेला आजारी पडायला वेळ लागत नाही आणि बागेला कोणी पाळणाघरात ठेवत नाही, तेव्हा आजींची तिथे जास्त गरज आहे हे मान्य करावे. शिवाय पंचवटीतले घर म्हणजे रामकुंडावर दशक्रियेला आलेल्या प्रत्येक नातेवाइकाचा हक्काचा चहा असतो. "एरवी तू घरी नसतेस म्हणून मुद्दाम रविवार धरला," असे सांगत येणाऱ्या पाहुण्यांचे उपकार मानावेत. २०१५ च्या सिंहस्थात मला मुले नव्हती आणि आमच्याकडे नऊ जण मुक्कामाला होते. येत्या सिंहस्थात मुलेही असतील, म्हणजे आता पाहुण्यांना पाणी नेऊन द्यायला घरात माणसे आहेत, असे मी म्हटले असते. पण ते मुलगे आहेत, हे मी वर सांगितलेच आहे.

येथवर वाचून नवऱ्याविषयी तक्रार करण्याची इच्छा झाली असेल तर थांबावे, कारण आपला नवरा मदत करतो. 'मदत' हा शब्द नीट ऐकावा. माणूस दुसऱ्याच्या कामात मदत करतो, स्वतःचे असते ते नुसते काम. केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणात २०१९ साली असे आढळले की घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. पाच वर्षांनी, २०२४ साली, पुन्हा मोजले तेव्हा बायकांची २८९ मिनिटे झाली आणि पुरुषांची ८८. म्हणजे बायकांची दहा मिनिटे सुटली, पण ती उचलायला पुरुष पुढे आले नाहीत. उलट त्यांनीही स्वतःची नऊ खाली ठेवली. आणि ही सरासरी फक्त जे पुरुष घरकाम करतात त्यांची आहे, जे आवरत असतात त्यांना त्यात धरलेले नाही. हा आकडा मी घरी जेवताना सांगितला, तेव्हा आमच्याकडे तो अतिशय गांभीर्याने ऐकला गेला आणि ताट तिथेच ठेवून बातम्या लावल्या गेल्या.

मुलांनी मोठे होऊन ही परंपरा पुढे चालवावी अशी आपली इच्छा असेल, आणि आपल्या वागण्यावरून ती असावी असे दिसते, तर धोका फक्त पाठ्यपुस्तकाचा आहे. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात अशी चित्रे छापली की ज्यांत आई आणि बाबा दोघे बसून भाजी निवडत आहेत आणि एक गृहस्थ इस्त्री करत आहेत. थोरल्याने ते पान उघडून बराच वेळ निरखले. मग बाबांवर बोट ठेवून त्याने विचारले, "यांना बरं नाहीये का? ऑफिसला का नाही गेले?" आपण पाच वर्षे घेतलेली मेहनत वाया गेलेली नाही याचे मला समाधान वाटले. पण गाफील राहू नये. त्याच आठवड्यात एके रात्री, मी ओट्याशी असताना, तो म्हणाला की आज मेथी मी निवडतो.

अशा वेळी ताबडतोब नाही म्हणावे. मी म्हणाले नाही, कारण कणीक भिजवायची होती, उद्याचे गणवेश वाळलेले नव्हते आणि वर्गाच्या ग्रुपवर रात्री पावणेदहाला 'उद्या पाच प्रकारच्या डाळी पाठवाव्यात' असा निरोप आला होता. दोघे जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसले. थोरला काडी उभी धरायचा, एकेक पान खुडायचा आणि देठ बाजूला ठेवायचा. धाकटा पाने मोजायचा आणि एकोणतीसनंतर वीस म्हणायचा. तूर, मूग, मसूर, उडीद आणि हरभरा मी पुड्यांत बांधून झाले तरी अर्धी जुडी शिल्लक होती. मला तिला सात मिनिटे लागतात. वाटीभर साखर परत करायला आलेल्या समोरच्या काकू दारातच थबकल्या आणि "अगं, पोरांना काय बायकांची कामं लावतेस, अभ्यास घे त्यांचा," असे म्हणाल्या. काकूंचा सोफा आपल्याला रोज सकाळी लागतो, हे ध्यानात ठेवून मी "हो ना, ऐकतच नाहीत," असे म्हणाले.

साडेदहाला दोघे झोपले. वर्तमानपत्राचा बोळा करून ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकावा, ताट झाकून फ्रिजमध्ये ठेवावे. हे मी डोळे मिटूनही करू शकते आणि त्या रात्री तसेच केले. सकाळी सहाला झाकण काढले तर ताटात देठ होते, सगळे एका दिशेला तोंड करून ओळीने लावलेले, एकही पान न लागलेले.

थोरल्याला उठवून विचारले. तो अर्धवट झोपेत म्हणाला, "पानांना माती होती. ताटात ठेवली असती तर तुला घासावं लागलं असतं, म्हणून पेपरवर ठेवली."

पाने बादलीत चहाच्या चोथ्याखाली होती. अशा प्रसंगी उत्तर देत बसू नये, पावणेआठला वेळ फार नसतो. दोन बटाटे उकडायला लावावेत.