ब्रेकमध्ये अंग दुखतंय म्हणून जिमला पळू नका

दिवाळी आली की ओळखीतल्या जिमवाल्यांचे ठरलेले मेसेज सुरू होतात. 'ताई, चार दिवस वजनाला हात लावला नाही, तरी मांड्या दुखतायत. मसल उतरायला लागले का?' त्यावर ग्रुपमधला कुणीतरी ठामपणे लिहितो, 'शरीर व्यायाम मागतंय, एक सेशन मारून ये.' हा सल्ला मला अजिबात पटत नाही.

स्नायू कमी होताना दुखत नाहीत. प्लॅस्टर काढल्यावर हात बारीक झालेला दिसतो, पण तो बारीक होताना कुणाला कळलेला नसतो. आणि नियमित व्यायाम करणाऱ्याची ताकद दोन-तीन आठवड्यांच्या सुट्टीत फारशी हलतही नाही. तेव्हा ती भीती सोडा.

मग दुखतं कशानं? बहुतेकदा सुट्टीच्या आदल्या दिवसामुळे. उद्यापासून जिम बंद, म्हणून माणूस जाता जाता दोन दिवसांचा व्यायाम एकदम उरकतो. हे दुखणं लगेच येत नाही. १२ ते २४ तासांनी सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं आणि आठवड्याभरात जातं. म्हणजे नेमकं सुट्टीतच गाठतं. त्यात घरी माळा काढायचा असतो, गाद्या उन्हात टाकायच्या असतात, पंखे पुसायला स्टुलावर चढ-उतर असते. नाहीतर 'सुट्टी आहे, चला सिंहगडावर.'

सिंहगड चढताना दम लागतो, पण मांड्या धरतात त्या उतरल्यामुळे. आतकरवाडीच्या वाटेनं खाली येताना शेवटच्या टप्प्यात गुडघ्याच्या वरचा स्नायू आपोआप थरथरायला लागतो, आणि दोन दिवसांनी रिक्षातून उतरताना हाताचा आधार घ्यावा लागतो. उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी अंगाचा भार रोखूनही धरत असतो. डंबेल सावकाश खाली आणताना, स्क्वॉटमध्ये खाली बसताना हेच होतं. स्नायूतंतूंना बारीक इजा होते ती प्रामुख्याने तिथे, आणि ती भरून येतानाची सूज दुखते. अमेरिकेत थिओडोर हफ यांनी १९०२ मध्येच, बोटांच्या व्यायामाचे प्रयोग करून, हे दुखणं स्नायूच्या आतल्या फाटण्याशी जोडलं होतं. तरी आजही कुठल्याही जिममध्ये विचारा, उत्तर येतं, 'लॅक्टिक ॲसिड साठलंय.' जोराच्या व्यायामात स्नायूत तयार होणारं हे आम्ल व्यायामानंतर तासाभरात जवळजवळ पूर्ववत होतं. १९८३ मधल्या एका प्रयोगात सपाटीवर धावणाऱ्यांचं लॅक्टिक ॲसिड वाढलं पण अंग दुखलं नाही, आणि उतारावर धावणाऱ्यांचं ते वाढलं नाही तरी अंग चांगलंच दुखलं.

आता माझा खरा मुद्दा. एकदा असं दुखून गेलं की स्नायू त्या कामाला सरावतो आणि पुढचे काही आठवडे तोच व्यायाम तितका दुखत नाही. मोठा ब्रेक पडला की हा सराव ओसरतो, पण ताकद बरीच शिल्लक असते. धोका इथेच आहे. परत आलेला माणूस जुनं वजन उचलू शकतो, म्हणून उचलतो, आणि स्नायू मात्र त्या माराला तयार नसतो.

माझ्या भाच्याचं हेच झालं. परीक्षेमुळे त्याचा व्यायाम बरेच दिवस सुटला होता. परतल्या दिवशीच ट्रेनरनं त्याच्याकडून पाय लटपटेपर्यंत स्क्वॉट आणि लंज (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवत खाली जायचं) करून घेतले. 'दुखल्याशिवाय बॉडी होत नाही' हे वर. दोन दिवसांनी मांड्या सुजून टणक झाल्या आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची व्हायला लागली. डॉक्टरांनी लगेच ॲडमिट करून सलाईन लावलं. रॅब्डोमायोलिसिस. स्नायू इतके तुटतात की त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडावर येतं. पोरगा बरा झाला, पण बहिणीचा त्या रात्रीचा चेहरा मी विसरलेले नाही. पैसे घेऊन शिकवणाऱ्या माणसाला इतकं तरी ठाऊक असलंच पाहिजे, यावर मी ठाम आहे. दुखणं म्हणजे व्यायाम झाल्याची पावती नव्हे.

ब्रेकमध्ये अंग दुखत असेल तर चाला, नीट झोपा, जेवण-पाणी वेळेवर घ्या. मालिश केलीत तर बरं वाटेल. स्ट्रेचिंगनं फारसा फरक पडत नाही, त्यामुळे ओढून ओढून ताणू नका. आणि ऊठसूट पेनकिलर नको. शरीरात पाणी कमी असताना आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतात. परतताना पहिला आठवडा नेहमीच्या साधारण निम्म्या वजनावर, दोनच सेट, आणि आणखी चार रेप्स, म्हणजे आवर्तनं, सहज निघतील असं वाटत असतानाच थांबायचं.

दुखणं एकाच बाजूला असेल, सांध्यात असेल, बोट ठेवून दाखवता येईल इतकं एका जागी असेल किंवा आठवडा उलटूनही जात नसेल, तर ते व्यायामाचं दुखणं समजून अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि लघवीचा रंग गडद झाला तर सकाळची वाट पाहू नका, त्याच वेळी दवाखाना गाठा.